अपेक्षित उत्तर

नागावात शनिवार-रविवार येणाऱ्या पाहुण्यांचा बेत त्यांच्या सामानावरून कळतो. रबरी ट्यूब, प्लॅस्टिकच्या बादल्या आणि एक आजी असेल तर मुक्काम दोन रात्रींचा. नुसत्या पाठपिशव्या आणि एक भलामोठा स्पीकर असेल तर मुक्काम एकाच रात्रीचा, पण ती रात्र अख्ख्या आळीची. एका जानेवारीत आमच्या शेजारच्या वाडीत उतरलेल्या मंडळींकडे मात्र लॅपटॉप होते, झेरॉक्सचे गठ्ठे होते, गुंडाळलेला फ्लेक्स होता आणि एका पिशवीत शाली आणि नारळ होते. नागावात बाहेरून नारळ घेऊन येणारा माणूस एक तर फार श्रद्धाळू असतो किंवा विद्यापीठातला असतो.

फ्लेक्स सुपारीच्या दोन झाडांना बांधला गेला. 'बी.एड. अभ्यासक्रम पुनर्रचना : दोनदिवसीय निवासी कार्यशाळा.' कुठल्या विद्यापीठाची ते मी सांगणार नाही. कार्यशाळा समुद्राकाठी भरवायला विद्यापीठाला समुद्र असावाच लागतो असं नाही.

माझी उभी हयात बी.एड. कॉलेजात गेली. निवृत्त झाल्यावर वडिलार्जित वाडीत येऊन राहिलो. वाडीचं पाहायला माणूस आहे, त्यामुळे मी फक्त देखरेख करतो, म्हणजे झोपाळ्यावर बसतो. शेजारच्या वहिनींनी पाहुण्यांना चहा देताना सहज सांगून टाकलं, "आमच्या बाजूला पण एक बीएडचे सर आहेत. दिवसभर घरीच असतात." झालं. मंडळींना एक ज्येष्ठ मार्गदर्शक मिळाला, मला एक शाल मिळाली आणि एक नारळ नागावातच राहिला.

ज्यांचा विद्यापीठाच्या कारभाराशी संबंध आला नाही अशा भाग्यवंतांसाठी थोडं सांगायला हवं. बी.एड.ला काय शिकवायचं हे ठरवतं अभ्यासमंडळ. त्यात काही प्राध्यापक निवडून येतात, काही नेमले जातात. मंडळाचा मसुदा विद्याशाखेकडे जातो, तिथून विद्यापरिषदेकडे, आणि तिने मान डोलावली की तो अभ्यासक्रम. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने विद्याशाखा चारच ठेवल्या आहेत : विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि चौथी आंतरविद्याशाखीय अभ्यास. शिक्षणशास्त्र या चौथीत येतं. बाकीच्या तिघींना शिकवायचं कसं हे जिने सांगायचं, तिची सोय 'इतर'च्या खोलीत. कायदा करणाऱ्यांचा यात काही वाईट हेतू नसावा. घरातल्या थोरल्या सुनेची कपाटं अशीच हळूहळू माळ्यावर जातात.

बरं, अभ्यासमंडळाच्या हातात तरी किती असतं? राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद दिल्लीत आहे. 1993 च्या कायद्याने ती आली आणि 1995 पासून कामाला लागली. वर्षाचे दिवस किमान 200, दोन वर्षांत शाळेतले आठवडे 20, पन्नास विद्यार्थ्यांचं एक युनिट, प्राध्यापक किती आणि कोणत्या विषयांचे, हे सगळं तिच्या नियमांत. प्रवेश राज्याच्या सीईटीतून. नोकरी, मिळालीच तर, पवित्र पोर्टलवरून. म्हणजे स्थळ दिल्लीने ठरवायचं, मुहूर्त मुंबईने काढायचा आणि अभ्यासमंडळाने पत्रिकेचा मजकूर लिहायचा. पण पत्रिकेच्या मजकुरावरून घरात किती भांडणं होतात हे ज्याने एक तरी लग्न काढलंय त्याला सांगायला नको.

या लग्नाचा कालावधीही दर काही वर्षांनी बदलतो. आमच्या काळात बी.एड. एका वर्षाचं होतं. मग महाराष्ट्रात डी.एड. विद्यालयांचं पीक आलं. ज्या गावात धड एस.टी. थांबत नव्हती तिथेही अध्यापक विद्यालयाची पाटी लागली. त्यांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि 2011 साली न्यायालयाने न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांचा आयोग नेमला. देशभरच्या शिक्षक-प्रशिक्षणाची झाडाझडती घेणाऱ्या या आयोगाला निमित्त पुरवण्याचं श्रेय आपल्या राज्याचं. आयोगाचा अहवाल 2012 ला आला, 2014 ला नवे नियम आले आणि 2015 पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं. ते अंगवळणी पडतंय तोवर 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सांगितलं, 2030 पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी हीच शिक्षकाची किमान पात्रता. आणि 2025 च्या फेब्रुवारीत परिषदेने जो नवा मसुदा काढला त्यात, चार वर्षांची पदवी किंवा एम.ए.-एम.एस्सी. झालेल्यांसाठी एका वर्षाचं बी.एड. पुन्हा हजर! मधल्या मधे 2023 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की बी.एड. झालेला माणूस पहिली ते पाचवीला चालणार नाही. इतक्या उलथापालथीत अभ्यासमंडळाने कार्यशाळेसाठी समुद्रकिनारा निवडला, तर त्यात चैन कमी आणि गरज जास्त होती असं माझं मत आहे.

सकाळच्या सत्राचा विषय होता, 'अभ्यासक्रमाचा भार कमी करणे.' अध्यक्ष मॅडमनी फार सुरेख प्रास्ताविक केलं. मुलांवर किती ओझं आहे, किती पाठ, किती फायली, किती प्रकल्प, किती सबमिशनं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग त्या म्हणाल्या, "तर प्रत्येकाने आपल्या पेपरमधलं काय काढता येईल ते सुचवा." वाडीत एकदम शांतता पसरली. वरून एक सुपारी टप्पकन पडली ती सगळ्यांना ऐकू आली.

मग एकेकाने दुसऱ्याच्या पेपरमधलं काय काढता येईल ते सुचवलं.

अभ्यासक्रमातल्या प्रत्येक घटकाला एक माणूस असतो. तो माणूस त्या घटकावर पीएच.डी. झालेला असतो, किंवा त्याचं त्या घटकावर पुस्तक असतं, किंवा दुसरं काहीच त्याला शिकवता येत नसतं. घटक काढायचा म्हणजे तो माणूस काढायचा. आणि माणूस समोर बसून पोहे खात असतो. म्हणून आमच्या शास्त्रात कुणी मरत नाही. योहान फ्रीडरिश हर्बार्ट हा जर्मन तत्त्वज्ञ 1841 साली गेला, पण आमच्या पाठाच्या टाचणात तो अजून नांदतोय. खरं तर त्याने अध्यापनाच्या पायऱ्या चार सांगितल्या होत्या. शिष्यांनी त्यांच्या पाच केल्या आणि त्याच हर्बार्टची पंचपदी म्हणून आम्ही पाठ केल्या. ब्लूमने 1956 साली शैक्षणिक उद्दिष्टांची उतरंड मांडली. 2001 मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. सुधारित आल्यावर जुनी जाईल असं कुणालाही वाटेल, पण आम्ही दोन्ही ठेवल्या आणि 'दोहोंमधील फरक स्पष्ट करा' हा दहा गुणांचा प्रश्न मिळवला.

मी हे सगळं शालीच्या आतून मिश्कीलपणे बघत होतो. तेवढ्यात तंत्रज्ञानवाल्या मॅडम म्हणाल्या, "फलक लेखन कौशल्य काढूया का? आता सगळीकडे स्मार्ट बोर्ड आहेत." पुढचं मला नीट आठवत नाही. वहिनी म्हणतात, मी वीस मिनिटं बोलत होतो आणि मधे दोनदा उभा राहिलो. खडू पंचेचाळीस अंशांत का धरायचा, फळ्याकडे तोंड आणि वर्गाकडे पाठ असताना डोळे कुठे ठेवायचे, स्मार्ट बोर्डाची वीज गेली की काय करायचं, असं बरंच काही. फलक लेखन राहिलं. चहा आला.

दुपारपर्यंत एकच गोष्ट निघाली, ओव्हरहेड प्रोजेक्टर. त्याची बाजू घेणारं कुणी उरलं नव्हतं. पण तोही संपूर्ण गेला नाही. त्याची 'शैक्षणिक तंत्रज्ञानाचा ऐतिहासिक आढावा' या नव्या उपघटकात बदली झाली. म्हणजे भार कमी करण्याच्या सत्रात एक उपघटक वाढला.

बी.एड.च्या बाहेरच्यांना सूक्ष्म अध्यापन म्हणजे काय ते माहीत नसतं, आणि हा आनंद त्यांच्यापासून लपवून ठेवणं बरं नाही. साठच्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ही पद्धत निघाली. शिकवणं म्हणजे एक मोठं काम नाही, ती छोट्या छोट्या कौशल्यांची मोळी आहे, तर एकेक काडी वेगळी घोटवून घ्यावी, अशी कल्पना. प्रस्तावना कौशल्य, प्रश्न कौशल्य, चेतक बदल कौशल्य, प्रबलन कौशल्य. आपल्याकडे त्याचं वेळापत्रक ठरलेलं : सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण, बारा मिनिटं पुनर्नियोजन, सहा मिनिटं पुन्हा पाठ, सहा मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. एकूण छत्तीस. वर्गात मुलं नसतात. छात्राध्यापकच एकमेकांची मुलं होतात. तीस वर्षांची, दोन लेकरांची आई असलेली बाई सहावीतली मुलगी होऊन बाकावर बसते आणि समोरच्या बावीस वर्षांच्या पोराने "पानांचा रंग हिरवा का असतो?" असं विचारलं की डोळे विस्फारून "माहीत नाही, सर" म्हणते. चेतक बदल कौशल्यात शिक्षकाने जागा बदलायची, आवाज चढवायचा-उतरवायचा, हातवारे करायचे. एक छात्राध्यापक जागा बदलण्याचे गुण मिळवण्यासाठी इतक्या येरझाऱ्या घालायचा की प्रत्याभरणात एका बाकावरून सूचना आली, "सर बसले असते तर बरं झालं असतं."

मी हसतो खरा, पण या काड्या घोटवलेला शिक्षक आणि न घोटवलेला शिक्षक यांतला फरक मला अजून खिडकीबाहेरून ऐकू येतो. प्रश्न विचारून दोन क्षण थांबणं ही साधी गोष्ट. शंभरातल्या नव्वदांना ती उपजत येत नाही. ती शिकवावी लागते आणि छत्तीस मिनिटांत शिकवता येते. माझी तक्रार या कौशल्यांबद्दल नाही. टाचणात एक रकाना असतो, त्याच्याबद्दल आहे.

पाठाच्या टाचणात उभे रकाने असतात. एकात शिक्षक कृती, एकात फलक लेखन आणि मधे 'अपेक्षित उत्तर'. प्रस्तावनेचे तीन-चार प्रश्न असे रचायचे की मुलं पहिल्यांची उत्तरं देतील आणि शेवटच्या प्रश्नाला अडतील. त्या शेवटच्या प्रश्नासमोर अपेक्षित उत्तर लिहायचं असतं, 'विद्यार्थी निरुत्तर.' ती निरुत्तर झाली की शिक्षकाने विजयी मुद्रेने उद्देशकथन करायचं : "तर मुलांनो, आज आपण अमुक अभ्यासणार आहोत."

याच किनाऱ्यावरच्या एका शाळेत मी निरीक्षक म्हणून मागच्या बाकावर बसलो होतो. पाठ भरती-ओहोटीचा, वर्ग सहावीचा. छात्राध्यापिका घाटावरची, अतिशय कष्टाळू. तिने पुठ्ठ्याचा चंद्र केला होता, तो दोऱ्याने पृथ्वीभोवती फिरत होता. सूर्याला जिलेटिनचा कागद. तिने पहिला प्रश्न विचारला, "मुलांनो, तुम्ही कधी समुद्र पाहिला आहे का?"

वर्ग गप्प. खिडकीतून लाटांचा आवाज येत होता. मुलांना यात काहीतरी गोम आहे असं वाटलं असावं. शेवटी एकाने सावधपणे विचारलं, "बाई, कुठला?"

तिने घाम पुसला आणि थेट शेवटच्या प्रश्नावर उडी घेतली. "समुद्राचं पाणी रोज एकाच वेळी का चढत नाही?" टाचणात समोर लिहिलं होतं, विद्यार्थी निरुत्तर. पण खिडकीजवळचा एक पोरगा उठला. "तिथीनं चढतंय ना, बाई. आज चतुर्थी. चारची पाऊणपट तीन. तीनला पुरी भरती. उद्या पावणेचारला." आणि बसता बसता म्हणाला, "अष्टमीला सहाला, पण तवा पाणी लांबवर नाय येत. भांग असतंय."

हिशेब ढोबळ, पण बरोबर आहे. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने, काटेकोर बोलायचं तर पन्नास मिनिटांनी, पुढे सरकते. आपल्या या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेला पूर्ण भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास असते, म्हणून तिथीला पाऊणपट केली की वाजले किती ते निघतं. त्या पोराला ते आज्याने होडीत शिकवलेलं. त्याच्या बोलण्यात पाऊणकी होती. पावकी, निमकी, पाऊणकी हे पाढे आम्ही शाळेच्या अभ्यासक्रमातून केव्हाच काढून टाकले आहेत. अभ्यासक्रमातून खरोखर गेलेल्या ज्या मोजक्या गोष्टी मला ठाऊक आहेत, त्यांतली ही एक. आणि हीच अजून कामाला येते.

छात्राध्यापिकेने त्याच्याकडे पाहिलं, टाचणाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. मग प्रबलन कौशल्याला स्मरून म्हणाली, "छान! हे आपण पुढच्या तासाला पाहू. बस खाली." आणि उद्देशकथन केलं. तिचा दोष नव्हता. आम्ही तिला निरुत्तर विद्यार्थ्यासाठी तयार केलं होतं. निरीक्षण तक्त्यात 'विद्यार्थ्याने शिक्षकाला शिकवले' असा रकाना नसल्यामुळे मी 'विद्यार्थी सहभाग' या रकान्यात पाचपैकी पाच गुण दिले. पाठ संपल्यावर ती पोरगी मैदानात त्या मुलाला गाठून वहीत काहीतरी लिहून घेताना मला दिसली. त्यासाठीही रकाना नव्हता.

दुपारच्या सत्रात ज्येष्ठ मार्गदर्शकाने दोन शब्द बोलायचे होते, तेव्हा मी ही गोष्ट सांगितली. मंडळी खूश झाली. अध्यक्ष मॅडम म्हणाल्या, "सर, हे यायलाच हवं."

"कुठे?" मी विचारलं.

"अभ्यासक्रमात."

पाचव्या मिनिटाला पडद्यावर घटक 4.3 उमटला : 'अनपेक्षित उत्तर : संकल्पना, स्वरूप, प्रकार, महत्त्व व हाताळणी.' तासिका चार. मूल्यमापनवाले सर म्हणाले, अध्ययन निष्पत्ती लिहायला हवी. 'छात्राध्यापकाला अनपेक्षित उत्तराचा आनंद घेता येतो' असं मी सुचवलं. आनंद मोजता येत नाही, क्रियापद मोजता येण्याजोगं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं पडलं. शेवटी ठरलं, 'छात्राध्यापक अनपेक्षित उत्तराचे प्रकार सांगतो.'

हे नुसतं हसण्यावारी नेता येत नाही. 2014 च्या आराखड्यात 'स्वतःला समजून घेणे' असा एक पेपर आहे आणि तो अर्ध्या पेपराचा आहे. उपनिषदांपासून रमण महर्षींपर्यंत सगळ्यांनी ज्यात जन्म घालवला, ते आम्ही निम्म्या गुणांत बसवलं. पण तो पेपर घालणाऱ्यांच्या मनात काहीतरी खरं होतं. शिक्षकाने वर्गात जाण्याआधी आपले राग-लोभ, आपली जात, आपले पूर्वग्रह एकदा तपासावेत, हे कुणाला खोटं वाटेल? चांगली गोष्ट सापडली की ती कागदावर यावी असं समितीला वाटतं, कारण कागदावर नसलेल्या गोष्टीला तासिका मिळत नाही. आणि कागदावर आली की तिचे प्रकार पडतात. यातून सुटका कशी करायची ते मला अजून कळलेलं नाही. कोठारी आयोगाने 1966 च्या अहवालात म्हटलं होतं की शिक्षक-प्रशिक्षण हे विद्यापीठापासून, शाळांपासून आणि एकमेकांपासूनही तुटलेलं आहे, ते जोडा. त्या आयोगाचे सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक. त्यानंतर आम्ही जोडण्यासाठी किती पेपर वाढवले! त्याच्याही आधी 1945 साली ताराबाई मोडक बोर्डीला गेल्या. मुलं बालवाडीत येईनात तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला अनुताई वाघांच्या साथीने गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा झाली. गुरं चरायला जातात तिथे शाळा. तो प्रस्ताव आज विद्यापरिषदेपुढे गेला असता तर पहिला प्रश्न आला असता : बांधीव क्षेत्रफळ किती?

समितीत एक तरुण बाई होत्या. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या. दरवर्षी जूनमध्ये नेमणूक, परीक्षा आल्या की मोकळ्या. मंडळाच्या सभासद त्या नव्हत्या, होऊही शकत नव्हत्या. 'विशेष निमंत्रित' म्हणून आणल्या होत्या, म्हणजे टायपिंगला. शाळांमध्ये आंतरवासितेसाठी विद्यार्थ्यांबरोबर प्रत्यक्ष जाणाऱ्या, मुख्याध्यापकांची बोलणी खाणाऱ्या, छात्राध्यापकांना मधल्या सुट्टीत वडापाव चारणाऱ्या त्या एकट्याच. त्यांनी दबक्या आवाजात दोनदा सांगून पाहिलं, "आंतरवासितेचे आठवडे तुकड्यातुकड्याने नकोत. मुलं एका शाळेत सलग राहिली तर वर्ग ओळखीचा होतो." मूल्यमापनवाले सर म्हणाले, "चांगली सूचना आहे, नोंद घ्या." नोंद कोण घेणार? त्याच.

त्यांनी घेतली. रात्री वहिनींच्या ओटीवर बसून मसुदा पक्का करताना त्यांनी आंतरवासितेच्या परिच्छेदात 'एकाच शाळेत व सलग' एवढे शब्द घातले. दुसऱ्या दिवशी वाचनाच्या वेळी सगळे घटक 4.3 च्या उपप्रकारांवर भांडत होते, त्यामुळे ते शब्द तसेच निघून गेले. विद्यापीठाचा कायदा कलमांनी भरलेला आहे, पण मसुदा टाइप करणाऱ्याच्या हातात जितकी सत्ता असते तितकी कोणत्याच कलमाने कुणाला दिलेली नाही. आणि ही सत्ता योग्य माणसाच्या हाती पडलेली मी फार क्वचित पाहिली आहे.

त्या रात्री पोपटी होती. जानेवारीत आमच्याकडे पाहुणा आला आणि त्याने पोपटी खाल्ली नाही तर तो परत जाऊन नाव ठेवतो. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, वरून पुन्हा पाला दाबून तोंड बंद. मडकं उलटं ठेवून भोवती पालापाचोळा पेटवायचा. वहिनींचा मुलगा काठीने जाळ सारखा करत होता. प्राध्यापक मंडळी खुर्च्या मांडून गोल बसली होती. थोड्या वेळाने त्याने ओंजळीतलं पाणी मडक्यावर शिंपडलं. चुर्रर आवाज आला. "झाली," तो म्हणाला.

मूल्यमापनवाले सर पुढे सरकले. "हे बघा, हे खरं आकारिक मूल्यमापन. प्रक्रिया चालू असतानाच चाचणी."

"नाय सर," पोरगा म्हणाला, "पाणी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मंडळींना पायी आक्षीला नेलं. सुरूच्या बनातून जाताना सगळे एकदम तरुण झाले, दोघांनी चपला हातात घेतल्या. आक्षीचा शिलालेख शके 934 चा, म्हणजे इ.स. 1012 चा मानला जातो. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. त्याच्या वाचनाबद्दल आणि काळाबद्दल विद्वानांत वाद आहेत, आणि विद्वान म्हटल्यावर ते असायचेच. मराठीचा इतका जुना लेख म्हणजे काहीतरी काव्यमय असेल अशा भावनेने अध्यक्ष मॅडमनी डोक्यावर पदर घेतला. मी त्यांना मजकूर सांगितला : आरंभी जगाचं भलं चिंतलेलं, मग राजा कोण, तर कोकणचा चक्रवर्ती केसीदेवराय, त्याचा प्रधान कोण, तारीख कोणती, आणि महालक्ष्मीच्या बोडणासाठी नऊ कुवली धान्य द्यायचं ठरलं ते.

मॅडमनी पदर खाली घेतला. "म्हणजे हे इतिवृत्त आहे!"

आहेच. अध्यक्षस्थानी अमुक, उपस्थित तमुक, दिनांक, ठराव, तरतूद. मराठी दगडावर उमटली ती सभेचा वृत्तांत लिहिण्यासाठी. त्या दिवसापासून मला अभ्यासमंडळांबद्दल थोडा आदर वाटू लागला आहे. मूल्यमापनवाल्या सरांनी एवढंच विचारलं की अनुमोदक कोण होता.

मसुदा वर गेला. विद्याशाखेने एक स्वल्पविराम बदलला, विद्यापरिषदेने तो पूर्ववत केला, आणि जूनपासून अभ्यासक्रम लागू झाला. 'एकाच शाळेत व सलग' हे शब्द शाबूत राहिले. काही मुख्याध्यापकांनी कुरकुर केली, मग त्यांनाही ते बरं वाटलं म्हणे. त्या टायपिंगवाल्या मॅडम पुन्हा नव्याने मुलाखत देऊन पुन्हा तासिका तत्त्वावर लागल्या.

परीक्षेच्या आधी मला एका विद्यार्थिनीचा फोन आला. नंबर त्या मॅडमनीच दिला होता. "सर, घटक 4.3 तुमचा आहे ना? अनपेक्षित उत्तराचे प्रकार किती?"

बाजारात गाइड आलं होतं हे उघड होतं. मी विचारलं, "गाइडात किती दिलेत?"

"चार. अपूर्ण, चुकीचे, असंबद्ध आणि विनोदी. पण आमच्या मॅडम पाच सांगतात."

"पाचवा कोणता?"

"'शिक्षकाला माहीत नसलेले बरोबर उत्तर.' पाच लिहू का चार?"

"पाच लिही," मी म्हटलं. "मॅडमच तपासणार असतील तर पूर्ण गुण मिळतील."

"पण सर, पाचव्याचं उदाहरण गाइडात नाही. मॅडम म्हणाल्या, सरांना विचारा."

मला फार बरं वाटलं. झोपाळ्यावर सावरून बसलो आणि म्हटलं, "सांगतो. भिंतीवर कालनिर्णय असेल ना? जरा आजची तिथी बघ."

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. वहीची. मग ती काळजीने म्हणाली, "सर, तिथी सिलॅबसमध्ये नाहीये."